साखळीची कप्पी आणि स्फोटक हवा

कप्पी ही मराठी घरास परकी वस्तू नव्हे. विहिरीच्या काठावर करकरणारी लाकडी कप्पी पाहिलेली पिढी आता थोडीच उरली असली, तरी शालेय विज्ञानाच्या पुस्तकात ती अद्याप आपली जागा राखून आहे. थोड्या बळाने मोठा भार उचलता येतो, हा तिचा धडा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वेस्टन नावाच्या यंत्रज्ञाने असमान व्यासांची दोन चाके एकाच आसावर बसवून त्यांवरून अखंड साखळी फिरविली, आणि एकट्या माणसास टनाचे ओझे उचलता येऊ लागले. आज कारखान्यांतून ती 'चेन-पुली ब्लॉक' या नावाने नांदते. आमच्याकडील हिंदी मुलखातले कामगार तिला नुसते 'चेन-कुप्पी' म्हणतात.

या कप्पीचा दुसरा गुण असा की, ती खांद्यावर टाकून कोठेही नेता येते. मोठी क्रेन एका छपराखाली उभी राहते आणि तेथेच तिचे आयुष्य सरते. ती बसविण्यापूर्वी अभियंते आराखडे काढतात, आसपासच्या हवेचा विचार करतात आणि त्या हवेस मानवेल असेच विजेचे सामान निवडतात. चेन-पुली, पुल-लिफ्ट, हातविंच, तिपाई, पट्टे व शॅकल यांचे तसे नाही. ती फिटरच्या पेटीतून येतात आणि पेटीतून जातात. आज मोटारदुरुस्तीच्या शेडमध्ये इंजिन उचलणारी कप्पी उद्या पेट्रोलच्या टाकीवरील झडप उतरवीत असते. वस्तू तीच, हातही तेच. हवा मात्र पालटलेली असते. हवा पालटली की कप्पीचा स्वभावही पालटतो, एवढीच गोष्ट या लेखात आम्हांस वाचकांपुढे मांडावयाची आहे.

खाणीतून कारखान्याकडे

वैनगंगेकाठच्या आमच्या बालाघाटात खाणी आणि धान यांवर पुष्कळ घरांची चूल पेटते. गावालगत भरवेली येथे मॅंगनीजची भूमिगत खाण आहे. आशियातील सर्वांत खोल भूमिगत मॅंगनीज खाण म्हणून ती ओळखली जाते. उकवा व तिरोडी येथेही मॅंगनीज निघते, आणि मलाजखंडचा तांब्याचा प्रकल्प १९८२ मध्ये राष्ट्रास अर्पण झाला. धातूंच्या या खाणींत ज्वालाग्राही वायू सहसा नसतो. येथे कप्पी चालविणारा कामगार साखळीचा, आकड्याचा आणि डोक्यावरील छताचा विचार करतो. हवेचा विचार धूळ व सुरुंगाचा धूर यांपुरताच असतो, आणि त्या जागी तो योग्यही आहे.

परंतु तोच कामगार, किंवा आयटीआय पूर्ण केलेला त्याचा मुलगा, सिवनी ओलांडून छिंदवाड्याच्या पेंच-कन्हान कोळसापट्ट्यात गेला की तेथे मिथेनशी गाठ पडते. धानाच्या कोंड्याचे तेल काढणाऱ्या कारखान्यात गेला, तर तेथे हेक्झेन नावाचा, पेट्रोलसारखा उडून जाणारा द्रव असतो. आणि जामनगर, विशाखापट्टणम किंवा आखाती देशांतील तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या वार्षिक दुरुस्तीवर, म्हणजे कामगारांच्या भाषेत 'शटडाउन'वर गेला, तर एकाच आवारात अनेक प्रकारच्या वाफा नांदत असतात. आमच्या शाळेतून बाहेर पडणारी कितीतरी मुले आज याच वाटेने जात आहेत. या मासिकाच्या वाचकांपैकीही अनेकांच्या घरचा एखादा मुलगा, भाचा वा जावई अशाच कामावर असेल.

स्फोट म्हटला की आमच्या भागातील माणसास दोन दिवस आठवतात. ७ जून २०१७ रोजी बालाघाटजवळील खैरी येथे फटाक्यांच्या कारखान्यात झालेल्या स्फोटात वीसहून अधिक माणसे दगावली. आणि २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या आयुधनिर्माणीत आठ कामगार मृत्युमुखी पडले. या दोन्ही ठिकाणी स्फोटक पदार्थ डोळ्यांस दिसणारा होता आणि त्याचे भय प्रत्येकास ठाऊक होते. आम्ही ज्याविषयी लिहीत आहोत ते स्फोटक दिसत नाही. ती केवळ हवा असते. श्वास घेता येतो, दिवा लख्ख दिसतो, आणि तरीही ती पेट घेण्यास सिद्ध असते.

हवा केव्हा पेटते?

ज्वालाग्राही वायू हवेत फार थोडा असला तर पेटत नाही; फार दाट झाला तरी पेटत नाही, कारण मग प्राणवायू अपुरा पडतो. या दोन मर्यादांमधील मिश्रण तेवढे स्फोटक. मिथेनची मर्यादा हवेच्या शेकडा ५ ते १५, स्वयंपाकाच्या गॅसची सुमारे २ ते ९, हेक्झेनची सुमारे १ ते ७, तर हायड्रोजनची ४ पासून थेट ७५ पर्यंत. कोळशाच्या खाणीत मिथेन शेकडा १.२५ च्या वर गेला की वीज बंद करण्याचा नियम आहे. हा आकडा खालच्या मर्यादेचा बरोबर चौथा हिस्सा होय. आपल्या खाण-नियमांनी कोळशाच्या थरांच्या वायुमानाप्रमाणे तीन श्रेणी केल्या आहेत. त्यांत 'वायुरहित' अशी श्रेणीच ठेवलेली नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

याहून महत्त्वाची बाब वायूच्या वजनाची. मिथेन हवेहून हलका आहे. तो खाणीच्या छताशी पातळ थर करून राहतो. आणि कप्पी कोठे टांगतात? छतालाच. उलटपक्षी हेक्झेनची वाफ हवेच्या सुमारे तिप्पट जड, आणि स्वयंपाकाचा गॅसही हवेहून जड. हे दोन्ही पाण्यासारखे वाहत जाऊन खड्ड्यात, गटारात, यंत्राच्या पायाशी साचतात. आणि कप्पीच्या सुट्या साखळीचे वेटोळे कोठे पडते? तेथेच. कप्पीची एक बाजू छताशी आणि दुसरी जमिनीशी असते. वायू हलका असो वा जड, तिचे एक टोक त्यात बुडलेले असण्याचा संभव असतो. छातीच्या उंचीवर यंत्र धरून हवा मोजणाऱ्यास मात्र या दोन्ही टोकांचा पत्ता लागत नाही.

अशी हवा किती घात करू शकते, हे इतिहासात नोंदलेले आहे. १९ फेब्रुवारी १९५८ रोजी पश्चिम बंगालमधील चिनाकुरी कोळसाखाणीतील स्फोटात पावणेदोनशेच्या सुमारास कामगार मरण पावले. २८ मे १९६५ रोजी तेव्हाच्या बिहारमधील धोरी खाणीत कोळशाच्या धुळीने पेट घेतला आणि २६८ जीव गेले. २९ ऑक्टोबर २००९ रोजी जयपूरच्या सीतापुरा भागातील पेट्रोल-साठ्याच्या आवारात एका टाकीपाशी निसटलेले इंधन तासाहून अधिक वेळ वाफेच्या रूपाने पसरत राहिले, आणि मग एकाएकी सारा परिसर पेटला. या दुर्घटना कप्पीमुळे घडल्या असे आमचे म्हणणे नाही. हवा एकदा सिद्ध झाली की ठिणगी मोठी आहे की लहान, विजेची आहे की घर्षणाची, याची ती पर्वा करीत नाही, एवढेच यातून घ्यावयाचे.

हातकप्पीत ठिणगी कोठून?

'हिला वीज नाही, ज्योत नाही, हाताने चालते. मग भय कसले?' हा प्रश्न कामगार विचारतात, आणि तो अगदीच निराधार नाही. विजेच्या उचलयंत्रात मोटार, स्विच व लोंबती केबल असते. त्यांच्या मानाने हातकप्पी खरोखरच सौम्य. तिचे भाग सावकाश फिरतात. एकमेकांवर घासणाऱ्या भागांचा वेग सेकंदास एक मीटरहून कमी असेल तर पेट घेण्याचा धोका कमी, असे युरोपातील मानकांत मानतात. परंतु ही सौम्यता काही अटींवर अवलंबून आहे.

पहिली अट ब्रेकची. वर गेलेला भार खाली उतरवताना त्याची सारी शक्ती कप्पीच्या आतील ब्रेकच्या चकत्यांत उष्णता होऊन जिरते. दोन टनांचा भार पाच मीटर उतरविला, तर सुमारे ९८ हजार जूल ऊर्जा त्या तळहाताएवढ्या चकत्यांत जाते. आता तुलनेस घ्या: मिथेनचे योग्य मिश्रण पेटविण्यास विजेच्या ठिणगीची सुमारे ०.२८ मिलिजूल ऊर्जा पुरते. पहिली दुसरीच्या पस्तीस कोटी पट आहे. उष्णता पसरलेली असते आणि ठिणगी एका बिंदूत एकवटलेली, म्हणून हा हिशेब सरळ लावता येत नाही. तथापि, कामाची घाई करून भार भराभर उतरविणे, एकामागून एक फेऱ्या करणे, किंवा तेल चढून गुळगुळीत झालेल्या चकत्यांवर भार घसरू देणे यांत काय दडले आहे, ते यावरून कळावे.

दुसरी अट आघाताची. वीस किलोची कप्पी तीन मीटरांवरून निसटून लोखंडी जाळीवर पडली तर जवळजवळ सहाशे जूल ऊर्जेचा तडाखा बसतो. साखळी फरशीवरून फरफटत नेली, आकडा तुळईवर आपटला, तरी पोलादावर पोलादाची ठिणगी उडते. त्यातही सर्वांत वाईट संयोग अॅल्युमिनियम आणि गंज यांचा. गंजलेल्या लोखंडावर अॅल्युमिनियमचा आघात झाला, की गंजातील प्राणवायू अॅल्युमिनियम ओढून घेतो आणि पांढरीशुभ्र, अतिशय तप्त ठिणगी निघते. रुळांचे सांधे जोडताना वापरतात ती थर्माइटची क्रिया हीच. उचलण्यास हलके म्हणून घेतलेले अॅल्युमिनियमच्या आवरणाचे यंत्र गंजलेल्या टाकीवर ठेवणे म्हणजे या दोहोंची भेट घडविणे होय.

तिसरी अट स्थिर विजेची. वैशाखातल्या कोरड्या हवेत नायलॉनचे पट्टे व प्लॅस्टिकची आवरणे घासली जाऊन विद्युत्भार साठतो. कोरड्या ऋतूत दाराच्या कडीला हात लावताच बसणारा चटका हीच ती वीज. तीतील ऊर्जा वर दिलेल्या ०.२८ मिलिजूलच्या कित्येक पट असू शकते. चौथी अट परक्या विजेची. जवळ वेल्डिंग चालू असेल आणि त्याचा परतीचा प्रवाह नीट बांधलेला नसेल, तर तो कप्पीच्या साखळीतून वाट काढतो, आणि कडी-कडीच्या सांध्यात ठिणग्या उडतात. येथे कप्पी स्वतः निर्दोष असते. दोष शेजाऱ्याचा असतो.

तांबे, पितळ आणि एक गैरसमज

जुन्या दारूकोठारांतून लोखंडी हत्यारांस मज्जाव असे. लाकडाची व तांब्याची अवजारे वापरीत. त्याच शहाणपणातून आज तांब्याचा मुलामा दिलेले आकडे, कांस्याची चाके, बेरिलियम-तांब्याच्या वस्तू आणि गंज न धरणाऱ्या पोलादाच्या साखळ्या यांनी युक्त कप्प्या मिळतात. त्या किमतीने भारी आणि पुष्कळदा त्याच आकाराच्या साध्या कप्पीहून कमी वजन पेलणाऱ्या असतात. पाटीवर लिहिलेली क्षमता न वाचता जुन्या सवयीने भार लावला, तर एका धोक्यातून सुटून दुसऱ्यात पडण्यासारखे होते.

'ठिणगी न देणारे' हे नावही जरा फसवे आहे. मुलामा झिजला की खालचे पोलाद उघडे पडते. मऊ धातूत वाळूचा कण रुतला की तोच घासू लागतो. आणि जेथे अॅसिटिलीन वायू आहे तेथे तांबे हेच संकट; या दोहोंपासून आघाताने फुटणारे संयुग तयार होते. एका हवेत तारक ठरणारा धातू दुसऱ्या हवेत मारक ठरतो. म्हणून हवा आधी आणि हत्यार नंतर, हाच क्रम खरा.

दोन कलमे, एक हात

कायद्यास हे विषय अपरिचित नव्हते. १९४८ च्या कारखाने कायद्याने कलम २९ मध्ये उचलयंत्रे, साखळ्या व दोर यांची बारा महिन्यांतून एकदा तरी जाणत्या व्यक्तीकडून कसून तपासणी घालून दिली. आणि कलम ३७ मध्ये स्फोटक धूळ, वायू व वाफा यांचा बंदोबस्त सांगितला. दोन्ही कलमे उत्तम होती. मात्र कागदावर ती आठ कलमांच्या अंतराने राहिली, आणि कारखान्यात ती एकाच कामगाराच्या हातात एकत्र आली. साखळी तपासणारा मनुष्य हवा विचारीत नाही; हवा मोजणारा मनुष्य साखळी पाहत नाही. दोघांचे दाखले बिनचूक असतात, आणि तरीही धोका मधल्या फटीत शिल्लक राहतो.

ही फट केवळ आपल्याकडचीच नव्हे. साऱ्या जगाने दीर्घकाळ स्फोटक हवेचा विचार मुख्यतः विजेच्या सामानापुरता केला. आपल्या भारतीय मानकांतही धोक्याच्या क्षेत्रांचे वर्गीकरण सांगणारे आयएस ५५७२ विजेच्या मांडणीच्या दृष्टीने लिहिलेले आहे, तर हाताने चालणाऱ्या चेन-पुलीचे मानक, आयएस ३८३२, वेगळे आहे. युरोपात १९९४ च्या निर्देशाने प्रथमच विजेविना चालणाऱ्या यंत्रांनाही या शिस्तीत आणले आणि १ जुलै २००३ पासून ती शिस्त बंधनकारक झाली. पुढे २०१६ मध्ये अशा यंत्रांसाठी आंतरराष्ट्रीय मानके निघाली. म्हणजे शतकापूर्वीपासून वापरात असलेल्या हातकप्पीस 'तूही ठिणगी देऊ शकतेस' असे लेखी बजावण्यास जगाने एवढा काळ घेतला!

मराठी वाचकांस हेही सांगितले पाहिजे की, पेट्रोलियम व स्फोटक पदार्थांच्या सुरक्षिततेची देखरेख करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे, आणि राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयही तेथेच आहे. या विद्येची पीठे आपल्या दारी असून ती आपल्या मुलांच्या कानी मातृभाषेत पडत नाही, याचे आम्हा शिक्षकांस वैषम्य वाटते. आमच्या पुस्तकांतील कप्पीच्या पाठात भार आहे, बल आहे, यांत्रिक लाभ आहे. ती ज्या हवेत टांगली आहे तिचा मात्र उल्लेख नाही.

कामापूर्वीचे प्रश्न

म्हणून शटडाउनच्या कामावर जाणाऱ्या प्रत्येक तरुणाने काही प्रश्न पाठ करून जावे, असे आम्ही सुचवितो.

येथे कोणता वायू असू शकतो, आणि तो हलका की जड? या कामाचा लेखी परवाना निघाला आहे काय, आणि त्यात उचलण्याच्या सामानाचा उल्लेख आहे काय? हवा कप्पीच्या टांगणीपाशी, मध्यभागी आणि साखळीच्या टोकापाशी अशी तिन्ही ठिकाणी मोजली काय, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा मोजली काय? सकाळची हवा दुपारी तीच राहते असे नाही.

त्यानंतर कप्पीकडे वळावे. तिच्या पाटीवर षट्कोनात कोरलेली स्फोटक हवेसाठीची खूण, वायूचा गट आणि तापमानाचा वर्ग आहे काय? 'टी-४' म्हणजे पृष्ठभाग १३५ अंशांवर जाणार नाही, 'टी-३' म्हणजे २०० अंशांवर. हेक्झेनची वाफ सुमारे २२५ अंशांस आपोआप पेटते, हे ठाऊक असले की या अक्षरांचा अर्थ लागतो. साखळीवर गंज आहे काय, वंगण आहे काय? एखादी कडी बदलून तेथे बोल्ट घातलेला नाही ना? आवरण अॅल्युमिनियमचे नाही ना? भार व टांगणी यांची जमिनीशी विद्युत्जोडणी केली आहे काय? शेजारी वेल्डिंग चालू नाही ना?

आणि काम चालू असता साखळी फरफटवू नये, ती पिशवीत गोळा करावी. भार सावकाश उतरवावा, ब्रेक तापल्यास विसावा द्यावा. वायुमापकाचा इशारा वाजला तर भार जेथे आहे तेथे सुरक्षित अडकवून बाहेर यावे. हायड्रोजन किंवा अॅसिटिलीन असलेल्या जागी साध्या पोलादी हत्याराचा एक आघातही परवडत नाही. तेथे वायू पूर्ण काढून टाकल्याचा दाखला मिळेपर्यंत हात बांधून बसणे हेच काम.

यातील प्रत्येक प्रश्नाने मुकादमाचा वेळ जातो. नवखा मुलगा ठेकेदारापुढे हे विचारण्यास कचरतो. गावाकडे पैसे पाठवायचे असतात, आणि 'फार बोलतो' असा शिक्का बसला तर पुढच्या कामाचा बोलावा येत नाही. ही अडचण आम्ही जाणतो. म्हणूनच प्रश्न विचारण्याचा भार एकट्या मुलावर टाकू नये. परवान्याच्या कागदावरच उचलयंत्राचे व हवेचे रकाने शेजारी-शेजारी असले, तर विचारण्याचे धैर्य लागत नाही. रकामा रकाना स्वतःच विचारतो.

घरालगतची तिपाई

हा विषय कारखान्याच्या कुंपणाआडच राहतो असेही नाही. मैल्याची टाकी, गोबरगॅसचा हौद, जुनी बंद विहीर येथेही मिथेन साठतो. मैल्याच्या टाकीत त्याच्या जोडीला हायड्रोजन सल्फाइड हा विषारी व ज्वालाग्राही वायू असतो आणि प्राणवायू अपुरा असतो. संरक्षक साधनांवाचून माणसास अशा टाकीत सफाईस उतरविणे २०१३ च्या कायद्याने निषिद्ध केले आहे. दुरुस्तीसाठी पंप वा झाकण उचलणे आलेच, तर आधी वारा खेळवावा, हवा मोजावी, मग तिपाई मांडावी. बिडी-काडी, साधा बल्ब आणि डिझेलचे इंजिन दूर ठेवावे. आणि कोणी आत पडलाच, तर त्याच्यामागे उडी घेऊ नये. एकामागोमाग एक असे मृत्यू याच उडीने होतात. तोंडाशी आधीपासून उभी असलेली तिपाई व कमरेस बांधलेला दोर यांनीच तो वर येऊ शकतो.

आपल्या घरांत परगावी नोकरीस असलेल्या मुलाला फोनवर जेवलास का, झोपलास का असे विचारण्याची रीत आहे. ती फार गोड आहे आणि ती राहावीच. जो मुलगा शटडाउनवर गेला आहे, त्याला जोडीने आणखी एक विचारावे: आज हवा मोजली का, आणि कोणी मोजली? पहिल्या दिवशी तो हसेल. चौथ्या दिवशी उत्तर ठाऊक असावे म्हणून तो मुकादमाकडे कागद पाहावयास मागेल. तेवढे झाले तरी या लेखाचे काम झाले, असे आम्ही समजू.